‘आम्ही गाडी मारली’ : एका कॅन्यन-प्रवासाचं जरा खोलात वाचन

प्रवासवर्णन हे संशोधनात ‘साधन’ म्हणून वापरता येतं का, हा प्रश्न सिनॉप्सिस लिहिणाऱ्यांकडून सतत येतो. वापरता येतं. पण बहुतेक जण ते चुकीच्या कामासाठी वापरतात. लेखक जिथे गेला त्या जागेची माहिती त्यातून काढतात आणि खाली लेखकाचं नाव टाकून मोकळे होतात. प्रवासवर्णन जागेबद्दल बऱ्यापैकी भरवशाचं असेल किंवा नसेलही. पाहणाऱ्याबद्दल मात्र ते फार बोलतं. तेही त्याला बोलायचं नसताना. आज एक मजकूर घेऊन हे करून दाखवतो.

मजकूर आमच्या सणसरच्याच एका दादा-वहिनींचा आहे. दोघंही नोकरीनिमित्त अमेरिकेत. उन्हाळ्यात नऊ दिवस भाड्याची गाडी घेऊन लास वेगास, झायन, ब्राइस, मॉन्युमेंट व्हॅली, पेज आणि ग्रँड कॅन्यन असा फेरा त्यांनी मारला. त्यावर दादांनी अडतीस पानं लिहिली, फोटोंसकट. छापायला देण्याआधी मला वाचायला दिली आणि त्यावर इथे लिहायची परवानगीही दिली. नावं घालत नाही.

आधी जे चांगलं आहे ते सांगतो, कारण टीका म्हणजे फक्त चुका काढणं असा आपल्याकडे एक समज आहे. दादांना अंतर, उतार, उन्हाची तिरीप यांची उत्तम नजर आहे. ब्राइसचे ते दगडी सुळके सकाळी आणि संध्याकाळी वेगळे का दिसतात हे त्यांनी दोन परिच्छेदांत असं लिहिलंय की भूगोलाच्या पुस्तकात घालावं. शेंगदाण्याची चटणी आणि दशम्या चार दिवस कशा पुरवल्या, बर्फाची पेटी कुठे भरली, पेट्रोल पंप किती लांब, हे सगळं आहे. अशा तपशिलाला ‘घरगुती’ म्हणून बाजूला सारू नका. पन्नास वर्षांनी कुणी परदेशातल्या मराठी मध्यमवर्गावर पीएचडी करेल, तेव्हा तिला हीच पानं लागतील.

आता दोन शब्द धरून वाचू. पहिला शब्द ‘आम्ही’.

आम्ही निघालो, आम्ही पोचलो, आम्ही गाडी मारली. अडतीस पानं सगळी ‘आम्ही’. पण बोलतं कोण, हे मोजा. मी पेन्सिल घेऊन मोजलं. वहिनी तीनदा बोलतात: एकदा जेवणाबद्दल, एकदा कड्याच्या भीतीबद्दल, एकदा उशीर होतोय म्हणून. म्हणजे ‘आम्ही’मधली एक व्यक्ती पाहते आणि विचार करते, दुसरी घाबरते आणि डबे उघडते. आता फोटो पाहा. गाडीच्या पुढच्या काचेतून काढलेले, समोर सरळ रस्ता असलेले एकवीस फोटो आहेत आणि सगळे दादांनी काढलेत. चालवणारा माणूस फोटो काढत बसत नाही. मग त्या लांबलचक रस्त्यांवर गाडी कोण चालवत होतं? वहिनींना विचारलं तर त्या हसल्या आणि म्हणाल्या, ‘अहो, निम्म्याहून जास्त मीच.’

दादा खोटं बोलले असं मी म्हणत नाही. ‘आम्ही गाडी मारली’ हे वाक्य खरंच आहे. पण मराठी प्रवासवर्णनातल्या ‘आम्ही’ला ही जुनी सवय आहे. पु. ल. देशपांड्यांचं ‘अपूर्वाई’ १९६० सालचं, सुनीताबाईंचं ‘आहे मनोहर तरी’ १९९० सालचं. एकाच जोडप्याच्या सहजीवनाकडे दोन खुर्च्यांवरून पाहिलेलं, मध्ये तीस वर्षं. ही दोन पुस्तकं शेजारी ठेवून वाचली की एकाच घरात किती वेगळ्या गोष्टी दिसू शकतात ते कळतं. तुमच्या विषयात असं जोडपुस्तक मिळालं तर नशीब समजा. नाही मिळालं तर फोटो, बिलं, वह्या बघा. मजकुराच्या बाजूला पडलेला कागद पुष्कळदा मजकुराला प्रश्न विचारतो.

दुसरा शब्द ‘ओसाड’. तो चौदा वेळा येतो आणि मला खरा त्रास इथे होतो.

मराठीत गाव ओसाड पडतं. म्हणजे आधी माणसं होती, मग ती गेली. कुणीच कधी नव्हतं अशा जागेला आपण सहसा ओसाड म्हणत नाही. दादांनी तो शब्द सुंदर निर्जनतेसाठी वापरलाय, आणि त्यांना न कळत शब्द बरोबर बसलाय. झायनचं १९०९ मधलं सरकारी नाव ‘मुकुंतुविप’ होतं, तिथल्या पायूट लोकांच्या भाषेतलं. १९१८ मध्ये ते बदलून झायन केलं आणि पुढच्या वर्षी राष्ट्रीय उद्यान झालं. ग्रँड कॅन्यनही १९१९ चंच. त्याच्या पोटात ओढ्याकाठी हवासुपाई लोक शेती करायचे. १९२८ मध्ये तिथल्या शेवटच्या रहिवाशाला उठवलं गेलं. त्या जागेला ‘इंडियन गार्डन’ म्हणत. २०२२ च्या नोव्हेंबरात तिचं नाव ‘हवासुपाई गार्डन्स’ झालं. १९७५ च्या कायद्याने हवासुपाईंना सुमारे १ लाख ८५ हजार एकर जमीन परत मिळाली. दादांनी या नव्या नावाच्या पाटीसमोर फोटो काढलाय. खाली ओळ आहे ती फक्त तापमानाची.

आणि मग विष्णू. ग्रँड कॅन्यनमध्ये ‘विष्णू टेंपल’ आणि ‘शिवा टेंपल’ नावाची शिखरं आहेत. दादांनी हात जोडले, ठीक. पण त्यापुढे दीड पान आपली संस्कृती तिथवर कशी पोचली होती यावर आहे. ही नावं क्लॅरन्स डटन या अमेरिकी भूवैज्ञानिकाने दिलेली. त्याचा ग्रँड कॅन्यनवरचा मोठा ग्रंथ १८८२ चा. शेजारीच बुद्ध, कन्फ्यूशियस आणि झरतुष्ट्र यांच्याही नावाची शिखरं आहेत. तेव्हाच्या शिकलेल्या अमेरिकी माणसाला पूर्वेकडच्या धर्मांचं जे आकर्षण होतं, त्याचा हा पुरावा. नाव हे नाव ठेवणाऱ्याबद्दल सांगतं. हे सूत्र गाळलं की व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या ‘कॅन्यनमधल्या प्राचीन गुहे’पर्यंत जायला वेळ लागत नाही. ती कथाही १९०९ च्या ॲरिझोनातल्या एका वर्तमानपत्रातली थाप आहे. (खालच्या ज्या खडकांना विष्णूचं नाव दिलंय ते साधारण १७० कोटी वर्षांपूर्वीचे. आपल्या पायाखालचा बेसॉल्ट साडेसहा कोटींचा. अभिमान बाळगायचाच तर यातलं काहीतरी निवडा.)

या अडतीस पानांतलं सगळ्यात मोलाचं पान मात्र दादांनी विनोद म्हणून लिहिलंय. मॉन्युमेंट व्हॅलीतून ते पेजला आले, अँटिलोप कॅन्यनच्या वेळेवर पोचायचं म्हणून घाई करत. पोचल्यावर कळलं की अजून एक तास आहे. फोन एक वेळ दाखवतोय, काउंटरवरचं घड्याळ दुसरी. दादा लिहितात, अमेरिकेतही एसटी स्टँडसारखा गोंधळ असतो.

गोंधळ नाही तो. ॲरिझोना राज्य उन्हाळ्यात घड्याळं पुढे करत नाही. राज्यातल्या आपल्या भागात नावाहो नेशन मात्र करतं. नावाहोंच्या जमिनीने वेढलेले होपी परत करत नाहीत. पेज शहर आणि तिथल्या कॅन्यनच्या फेऱ्या ॲरिझोनाच्या वेळेने चालतात. म्हणजे घड्याळ काय दाखवणार हे ठरवण्याचा अधिकार कुणाचा, या प्रश्नाला तिथे शे-दीडशे मैलांत तीन वेगळी सरकारं आपापलं उत्तर देतात. संपूर्ण प्रवासात नावाहो सरकारने दादा-वहिनींच्या अंगाला हात लावला तो या एका तासात. ज्या प्रदेशाला ते ओसाड म्हणत होते, तिथे सरकार होतं, कायदा होता, वेळ होती. अँटिलोपमध्ये नावाहो वाटाड्याशिवाय जाताच येत नाही. त्या वाटाड्याला मजकुरात दोन ओळी आहेत आणि नाव नाही.

तुमच्या साधनात असं काही ‘गमतीचं’ सापडलं की तिथे थांबा. लेखकाला जे अडखळवतं आणि तो हसून पुढे जातो, तिथे बहुधा त्याच्या चौकटीबाहेरचं काहीतरी आत शिरलेलं असतं.

हे सगळं इतकं ताणायचं कशाला, प्रवास करून आले बिचारे, असं कुणी म्हणेल. सांगतो. शेवटच्या पानावर दादा म्हणतात की आपल्या भागात पाहण्यासारखं काही नाही, नुसतं माळरान. हे वाक्य सणसरचा माणूस लिहितो. तुकोबांची पालखी दर वर्षी बारामतीहून येऊन जिथे मुक्काम करते त्या गावचा. ग्लेन कॅन्यन धरणामागचा पॉवेल जलाशय १९८० मध्ये पहिल्यांदा काठोकाठ भरला, त्याचे फोटो त्यांनी हौसेने लावलेत. उजनीही १९८० चीच. पाणी खाली गेलं की तिकडे बुडालेल्या घळी वर येतात आणि इकडे इंदापूर तालुक्यातच पळसदेवचं जुनं देऊळ. ही तुलना लिहायला दादांइतका योग्य माणूस नव्हता.

आणि माळरान. ‘नुसतं’ हा शब्द निरागस नाही. देशाचा पडीक जमिनींचा सरकारी नकाशासंग्रह २००० साली पहिल्यांदा निघाला. झुडपी माळ त्यात पडीकच्या खात्यात जातो. उलट एम. डी. मधुसूदन आणि अबी वनक यांनी देशातल्या अशा मोकळ्या नैसर्गिक परिसंस्थांचा नकाशा केला, तर त्या देशाच्या साधारण दहा टक्के जमिनीवर निघाल्या. सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य १९९७ चं, अवघं पाच चौरस किलोमीटर, चिंकारांसाठी. कडबनवाडी आणि शिर्सुफळला आता वनविभागाची गवताळ सफारी आहे. याच माळांवर मेंढरं घेऊन फिरणाऱ्या धनगरांच्या देवांवर ग्युंथर सोन्थायमर या जर्मन अभ्यासकाने १९७६ मध्ये ग्रंथ काढला; त्याला इथे ‘नुसतं’ काही दिसलं नव्हतं. कागदावर जमीन पडीक ठरली की तिच्यावर काय उभारायचं ते दुसरेच ठरवतात, आणि मेंढरं कुठून न्यायची हे कुणी विचारत नाही. हवासुपाईंना सत्तेचाळीस वर्षं लागली.

ब्राइस कॅन्यनला ज्याचं नाव आहे त्या एबेनेझर ब्राइसची, इथे गाय हरवली तर संपलंच, अशी तक्रार होती म्हणतात. देखाव्याबद्दल तो बोलल्याचं कुणी सांगत नाही. गुरं राखणाऱ्याची नजर ती. आपल्याकडच्या मेंढपाळालाही हे वाक्य लगेच कळेल. दादांनी ही गोष्ट दिलीय, पण विक्षिप्त म्हातारा म्हणून.

मजकूर छापू नये असं मी अजिबात म्हणत नाही. मी दादांना तीन गोष्टी सुचवल्यात: वाटाड्याला नाव द्या, घड्याळाचं पान मोठं करा, विष्णूचं दीड पान काढा. पहिल्या दोन मान्य झाल्यात. तिसरीवर वाद चालू आहे.

दरम्यान, वहिनींनी प्रवासात एक वही ठेवली होती असं कळलं. किलोमीटर, पेट्रोल, पाण्याच्या बाटल्या आणि प्रत्येक मुक्कामावर वेळेचे दोन रकाने, एक फोनचा, एक गाडीतल्या घड्याळाचा. ती मी मागितलीय. त्या म्हणाल्या देते, पण मागच्या पानांवर किराण्याची यादी आहे, ती फाडून देऊ का. मी म्हटलं, नको, तशीच द्या.