होल्स्टरच्या कडेवरची नजर

इयान फ्लेमिंगच्या ‘डॉक्टर नो’ (१९५८) या कादंबरीत जमैका आहे, समुद्र आहे, पोलादी हातांचा खलनायक आहे. मला मात्र ती मोठी वाटते ती दुसऱ्या प्रकरणामुळे. लंडनमधल्या एका कार्यालयात तीन माणसे शस्त्रांविषयी बोलतात, एवढेच त्यात घडते. आधीच्या कादंबरीच्या शेवटी जेम्स बाँडचे बेरेटा पिस्तूल ऐन वेळी कपड्यात अडकले आणि तो मरता मरता वाचला. म्हणून त्याचा वरिष्ठ एम याने शस्त्रांचा जाणकार मेजर बूथरॉइड याला बोलावून घेतले आहे.

बूथरॉइड आधी बाँडचे दंड चाचपतो. पिस्तूल मागून घेतो, हातात तोलतो, टेबलावर ठेवतो. मग होल्स्टर मागतो. बाँड कोट काढून पट्ट्यांसकट ते उतरवून देतो. मऊ शॅमॉय चामड्याचे हे होल्स्टर ‘कसिनो रोयाल’पासून वाचकाच्या ओळखीचे आहे. बूथरॉइड त्याच्या तोंडाच्या कडेकडे एकदा बघतो आणि ते तुच्छतेने पिस्तुलाशेजारी टाकतो. शस्त्र अडकल्याच्या खुणा तिथे दिसतात का, हे तो बघत असावा, असे लेखक जाता जाता सुचवतो.

सगळे प्रकरण या एका नजरेवर उभे आहे. बाकीचे पिस्तुलाला दोष देत असताना हा माणूस चामडेही तपासतो. मऊ चामडे अंगाला सुखावते, कोटाखाली फुगत नाही. पण ते स्वतःचा आकार धरत नाही. त्याचे तोंड मिटते, कड दुमडते, आणि घाईच्या क्षणी शस्त्र तिथेच अडते. बूथरॉइड सुचवतो ते बर्न्स-मार्टिनचे ‘ट्रिपल ड्रॉ’ होल्स्टर खोगिराच्या ताठ चामड्याचे आहे आणि शस्त्र जागच्या जागी राहावे म्हणून त्यात स्प्रिंग आहे. विजारीच्या आत, डावीकडे घालणे उत्तम, पण काखेतही चालेल, असे तो सांगतो. त्याचा आवाज ऐकून बाँडला आपला पहिला महागडा शिंपी आठवतो. ही उपमा मला फार आवडते. होल्स्टरही मापानेच घ्यायचे असते, हे फ्लेमिंगने एका वाक्यात सांगून टाकले आहे. आणि पंधरा वर्षे जवळ बाळगलेले बेरेटा टेबलावरच सोडून जाताना बाँडला होणारे दुःख! एका कुरूप लोखंडाच्या तुकड्यासाठी वाचकाचा जीवही हळहळतो.

या मेजरमागे एक खरा माणूस आहे. ग्लासगोच्या जेफ्री बूथरॉइड यांनी १९५६ साली फ्लेमिंगना पत्र लिहून बेरेटाला नावे ठेवली होती. त्याऐवजी त्यांनी सुचवले होते स्मिथ अँड वेसनचे पाच गोळ्यांचे ‘सेंटेनियल एअरवेट’ रिव्हॉल्व्हर. त्याचा घोडा आत झाकलेला असतो, त्यामुळे कपड्यात अडकायला बाहेर काही उरतच नाही. सोबत त्यांनी होल्स्टर सांगितले तेही बर्न्स-मार्टिनचेच. ते पुढच्या बाजूने उघडे असते. स्प्रिंग रिव्हॉल्व्हरच्या फुगीर सिलिंडरला धरून ठेवते, आणि शस्त्र वर न उपसता पुढे ओढून काढता येते. फ्लेमिंगनी कृतज्ञतेने मेजरला त्यांचेच आडनाव दिले.

पण त्यांनी होल्स्टर घेतले आणि जोडी मोडली. कादंबरीत ते वॉल्थर पीपीके या चपट्या पिस्तुलासाठी सुचवले जाते. वॉल्थरला सिलिंडरच नाही, मग स्प्रिंगने धरायचे काय? रिव्हॉल्व्हर बाँडला मिळते, पण लांबच्या पल्ल्यासाठी, दुसरे शस्त्र म्हणून. चुकीच्या होल्स्टरमुळे जीव कसा धोक्यात येतो, हेच सांगणाऱ्या प्रकरणात ही चूक व्हावी, याची मला खरोखर रुखरुख लागते. तपशिलाच्या जोरावर उभ्या असलेल्या लेखनात हा दोष लहान म्हणता येणार नाही. तरी प्रसंग ढासळत नाही, कारण बूथरॉइडची पारख खरी आहे. चुकली आहे ती फक्त शस्त्राची निवड.

हे प्रकरण जरूर वाचा. वाचताना वॉल्थरच्या जागी ते झाकल्या घोड्याचे रिव्हॉल्व्हर ठेवा, म्हणजे मेजरचा शब्द न् शब्द बरोबर बसेल.