परभाषेचें वर्ष आणि रमाबाईंचीं दोन पुस्तकें

इंग्रजी शिकावयाची तर परदेशीं वर्षभर राहूनच शिकावी, ही भाषा आतां नांदेड-लातुराकडेही ऐकूं येते. परदेशच्या विद्यापीठांनीं अशा विद्यार्थ्यांसाठीं खास अभ्यासक्रम काढले आहेत. आणि परीक्षेंतील गुण हेंच त्यांचें फळ, असें मानण्याची रीत पडत चालली आहे. हें माप पुरेसें आहे काय, हें ठरवावयाचें असल्यास पंडिता रमाबाईंचीं दोन मराठी पुस्तकें एकापुढें एक ठेवून वाचावीं.

एप्रिल 1883 मध्यें लहानग्या मनोरमेस घेऊन रमाबाई मुंबईहून निघाल्या, तेव्हां त्या पंचविशींत होत्या. संस्कृतांतील पांडित्य कलकत्त्याच्या विद्वानांनीं मान्य केलेलें; इंग्रजी मात्र बेताचीच. ‘स्त्रीधर्मनीति’ या पुस्तकाच्या उत्पन्नांतून प्रवासखर्चाची तजवीज झाली. वैद्यक शिकण्याचा हेतु कानाच्या दोषामुळें तडीस गेला नाहीं. परंतु वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या मठांत इंग्रजी शिकत असतां, हिंदुस्थानांत येऊं पाहणाऱ्या भगिनींस त्या मराठी शिकवीत होत्या, आणि पुढें चेल्टनमच्या लेडीज कॉलेजांत संस्कृतच्या अध्यापिका झाल्या. त्या केवळ घ्यावयास गेल्या नव्हत्या. देण्यासारखें कांहीं त्यांच्यापाशीं होतें, हें विसरतां कामा नये.

‘इंग्लंडचा प्रवास’ (1883) हें सदाशिव पांडुरंग केळकर यांस लिहिलेलें पत्र. त्याचा गुण पत्राचाच आहे : आपलें धाडस आपल्या माणसांस समजावून सांगणारा जिव्हाळा. त्याची मर्यादाही तेथेंच आहे. लेखिका इंग्लंडांत पोंचली आहे, पण त्या समाजांत अद्याप शिरलेली नाहीं. डोळे पाहतात, परंतु कान आणि जीभ अजून परक्याच आहेत. त्याच वर्षीं त्यांची सोबतीण आनंदीबाई भगत हिचा वाँटेज येथें करुण अंत झाला आणि रमाबाईंनीं धर्मांतर केलें. परभाषेचें वर्ष माणसाकडून काय काय मागूं शकतें, हें गुणपत्रिकेवर कधींच उमटत नाहीं.

‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ (1889) हें पुस्तक निराळ्याच हाताचें वाटतें. मध्यंतरीं, 1887 सालीं, ‘द हाय-कास्ट हिंदु वूमन’ हें इंग्रजी पुस्तक त्यांनीं प्रसिद्ध केलें होतें. म्हणजे भाषा हस्तगत झाली होती. आतां त्या प्रवाशाप्रमाणें नुसतें पाहत नाहींत. राज्यव्यवस्था, गृहस्थिति, शिक्षण, स्त्रियांची दशा यांच्या मुळाशीं जातात. या पुस्तकांत दोष नाहींत असें नव्हे. माहितीच्या भारानें कथन कोठें कोठें दबतें, आणि अमेरिकेविषयींची प्रीति कधीं कधीं न्यायबुद्धीवर मात करते. तरीही तेथील मूळच्या रहिवाशांवर व काळ्या लोकांवर झालेला अन्याय त्यांनीं झांकला नाहीं. इंग्रजी वाचकवर्ग लाभल्यावरही त्या हें सारें मराठींत लिहावयास बसल्या, यांतच आमच्या मतें या पुस्तकाचें मोठेपण आहे.

मराठवाड्याच्या वाचकास हा मुद्दा अधिक लौकर पटावा. 1918 पासून उस्मानिया विद्यापीठाचें उच्च शिक्षण उर्दूंतून होई, आणि इंग्रजी हा सक्तीचा विषय असे. परभाषेंत शिकण्यासाठीं येथील मराठी मुलास समुद्र ओलांडावा लागत नव्हता. 1948 मध्यें निजामी राजवट संपली, 1950 सालीं नांदेडास पीपल्स कॉलेज निघालें, 1994 मध्यें तेथेंच स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नांवाचें विद्यापीठ झालें. शिकण्याची सोय जवळ आली. पण शिकलेलें आपल्या भाषेंत परत आणण्याचें काम अजून बरेंच शिल्लक आहे.

यावर कोणी म्हणेल, प्रत्येक विद्यार्थ्यानें ग्रंथ लिहावा काय? तसें नव्हे. परंतु घरीं धाडलेलें एक सविस्तर पत्र, गांवच्या शाळेंत दिलेलें एक व्याख्यान, एवढें तरी त्याच्याकडून मागण्याचा आपल्यास अधिकार आहे. आयेल्ट्स व टोफेल या परीक्षांचे गुण दोन वर्षांनीं ग्राह्य राहत नाहींत. रमाबाईंची ‘लोकस्थिति’ सव्वाशेंहून अधिक वर्षांनंतरही वाचावीशी वाटते.