सोपाधिक विधानांचे आरेखन : एका पद्धतीचे परीक्षण

अमेरिकेतील विधि-महाविद्यालयांच्या प्रवेशासाठी १९४८ पासून घेतल्या जाणाऱ्या ‘लॉ स्कूल अ‍ॅडमिशन टेस्ट’मधून ऑगस्ट २०२४ मध्ये कोडेवजा विश्लेषणाचा विभाग वगळण्यात आला आणि तर्कविचाराचे महत्त्व वाढले. या परीक्षेच्या अध्यापनात सोपाधिक विधान बाणाने मांडण्याची पद्धत रूढ आहे. पूर्वांगाकडून उत्तरांगाकडे बाण काढावयाचा; दोन्ही अंगांचा निषेध करून तो उलटविला की समतुल्य विधान हाती येते. उत्तरांग स्वीकारून पूर्वांग सिद्ध मानणे आणि पूर्वांग नाकारून उत्तरांग नाकारणे, या दोन जुन्या दोषांना त्यामुळे आळा बसतो. हा गुण निर्विवाद होय.

तथापि बाण काढण्यापूर्वी विधान ओळखावे लागते, आणि तेथे ही पद्धत सूचक शब्दांच्या कोष्टकावर विसंबते. या विसंबण्याचे वैगुण्य मराठीत विशेष स्पष्ट होते. ‘अर्जदार पदवीधर असेल तर अर्ज स्वीकारला जाईल’ या नियमातील ‘तर’च्या जागी ‘तरच’ आले की बाणाची दिशा पालटते. पहिल्या नियमाखाली नाकारलेल्या पदवीधरास दाद मागता येते. दुसऱ्याने त्यास कसलेही आश्वासन दिलेले नसते. ‘परवान्याशिवाय प्रवेश नाही’ यातील बाण प्रवेशाकडून परवान्याकडे जातो, परवान्याकडून प्रवेशाकडे नव्हे. ‘पाऊस पडला तरी सभा होईल’ येथे पावसाकडून सभेकडे काढलेला बाण खोटा ठरत नाही. परंतु सभा पावसावर अवलंबून नाही, हा विधानाचा गाभाच निसटतो. ‘करावे तसे भरावे’ यात तर सूचक ‘जर-तर’ मुळीच नाही.

पीटर वेसन यांनी १९६६ मध्ये मांडलेल्या चार पत्त्यांच्या प्रयोगाचा बोध येथे उपयुक्त आहे. एका बाजूस स्वर असेल तर दुसऱ्या बाजूस सम अंक असतो, हा नियम पडताळण्यासाठी बहुतेकांनी स्वराचा आणि सम अंकाचा पत्ता निवडला. वस्तुतः स्वराचा आणि विषम अंकाचा पत्ता उलटणे आवश्यक होते. पुढे १९८२ मध्ये ग्रिग्ज आणि कॉक्स यांनी तोच आकार मद्यपानाच्या वयोमर्यादेच्या नियमात घातला, तेव्हा बहुसंख्यांनी बिनचूक उत्तर दिले. नियमाचा भंग कोण करील, हे तेथे त्यांना सहज दिसत होते.

यावरून अध्यापनाचा क्रम बदलणे इष्ट ठरते. शब्द पाहून बाण काढण्याऐवजी, हे विधान कोणत्या परिस्थितीत खोटे ठरेल, हा प्रश्न प्रथम विचारावा. सोपाधिक विधान एकाच परिस्थितीस मज्जाव करते : पूर्वांग सत्य आणि उत्तरांग असत्य. ती परिस्थिती सापडली की बाणाची दिशा आपोआप ठरते. बाण हा विचाराचा आलेख आहे. तो विचाराचा पर्याय झाला, तर परीक्षा तर्काची न राहता शब्दस्मरणाची होईल.