हॉक्सनची पेटी

इंग्लंडमधल्या सफोक परगण्यात, हॉक्सन गावच्या शेतात १९९२ साली एकजण हरवलेला हातोडा शोधत होता. सापडला रोमन ठेवा. सुमारे १५ हजार नाणी, दोनशेच्या आसपास सोन्याचांदीच्या वस्तू. त्यानं सगळं उकरून न काढता कळवलं, हे आपलं भाग्य. त्यामुळे वस्तूंइतकीच त्यांची मांडणीही वाचता येते.

ओकच्या लाकडाची पेटी, आत लहान डबे, डब्यांना चांदीची इवलीशी कुलपं. एकात एक बसवलेले वाडगे, मध्ये गवत. इ. स. ४०७-४०८ नंतर, ब्रिटनमधली रोमन सत्ता ढासळत असताना ही पेटी पुरली गेली. पण पळापळीत खड्ड्यात लोटलेला हा ऐवज नव्हे. ही निगुतीची बांधाबांध आहे.

एका सोन्याच्या बांगडीत जाळीच्या नक्षीतूनच अक्षरं कापली आहेत: ज्युलियानाबाई, सुखानं वापरा. पण मला जास्त गुंतवतो तो अंगावर घालायचा साखळ्यांचा दागिना. खांद्यांवरून आणि काखांखालून आलेल्या साखळ्या छातीवर व पाठीवर जुळतात. एका जोडावर अ‍ॅमेथिस्ट, भोवती तामड्याचे चार खडे आणि चार रिकामी कोंदणं, बहुधा मोत्यांची. दुसऱ्या जोडावर सम्राट ग्रेशनचं सोन्याचं नाणं. ग्रेशन मारला गेला ३८३ मध्ये. म्हणजे पुरताना ते नाणं जुनंच होतं. माप इतकं लहान, की सडपातळ बाईलाच किंवा मुलीलाच तो यावा. वाडवडिलार्जित दागिना असावा, असं मला वाटतं.

आणि ती मिरीदाणी! मुलामा दिलेल्या चांदीची, केशरचना थाटात बांधलेली, हातात गुंडाळी घेतलेली उच्चभ्रू स्त्री. बुडाशी फिरती चकती: एका स्थितीत बंद, दुसरीत मिरपूड भुरभुरायची, तिसरीत आत भरायची. भारतातून समुद्रमार्गे येणाऱ्या मिरीसाठी एवढी कारागिरी! चमच्यांवर ख्रिस्ताची खूण आणि दुसऱ्या मिरीदाणीवर हर्क्युलिसची कुस्ती. यजमानांना त्यात काही विसंगत वाटलं नसावं. दहा चमच्यांवर ऑरेलियस उर्सिसिनस हे नाव आहे.

चांदीच्या बहुतेक नाण्यांच्या कडा मात्र कातरलेल्या. नवी नाणी येईनाशी झाली, तेव्हा लोक जुन्यांचीच चांदी काढू लागले. पण कातर सम्राटाच्या चेहऱ्याला लागलेली नाही. मोठी ताटं पेटीत नाहीत. वाघिणीच्या आकाराची चांदीची एक मूठ आहे, पण ती जिला जोडलेली होती ती सुरई नाही. एवढं पुरूनही या घरात बरंच काही उरलं असावं.