नक्कल कीं भाष्य?

जुन्या पोथ्या जमविणारांस मूळ प्रतीचा मोह फार. नक्कल म्हटली कीं ती बाजूस पडते. फ्रान्समधील सें-रेमी येथील मनोरुग्णालयांत असतां व्हिन्सेंट व्हॅन गॉग यानें १८९० च्या जानेवारींत रंगविलेलें ‘पहिलीं पावलें’ हें चित्र या समजाची परीक्षा पाहणारें आहे. मिले या वडील पिढीच्या चित्रकाराच्या कृतीचें कृष्णधवल छायाचित्र बंधु थिओ यानें धाडिलें होतें. त्यावर चौकटी आखून व्हिन्सेंटनें आकृति कापडावर उतरविली.

विषय साधा आहे. परसांतील वाफ्यांत बापानें फावडें टाकून, गुडघा टेकून हात पसरले आहेत. आई ओणवी होऊन लेंकराला सांवरीत आहे. कुंपणावर धुणें वाळत आहे. या मांडणींत व्हिन्सेंटनें ढवळाढवळ केली नाहीं. छायाचित्र रंगाविषयीं मूक होतें. तेथें मात्र तो स्वतःचें बोलला. फिकट हिरव्या व निळ्या छटांनीं वाफे, वृक्ष आणि वस्त्रें एका कुळांतलीं झालीं आहेत.

पाठ मोडून पदरचें घालणारा लेखनिक पोथी भ्रष्ट करितो; मूळ जेथें मूक आहे तेथें अर्थ फोडून दाखविणारा भाष्यकार ठरतो. व्हिन्सेंट दुसऱ्या वर्गांतला होय. सर्वत्र सारखेच धांवणारे कुंचल्याचे फटकारे मिलेच्या स्थैर्यास बाधक झाले आहेत, हा दोष मान्य केला पाहिजे. तथापि न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयांतील हें चित्र निव्वळ नकलांच्या गठ्ठ्यांत बांधतां येणार नाहीं. आपल्या दप्तरांतील नकला टाकून देण्यापूर्वीं लेखनिकानें काय राखलें व काय घातलें, एवढें तरी संग्राहकांनीं पाहावें.