गाळाचे दृढीकरण आणि वाळूचे आच्छादन : एक चिकित्सा

दूषित तळगाळावर वाळूचे आच्छादन घातले की प्रदूषक केवळ विसरणाने वर येतात, हे गृहीतक प्रस्तुत लेखिकेस अपुरे वाटते. आच्छादनाच्या भाराने मऊ गाळ दबतो व त्याच्या छिद्रांतील दूषित पाणी वर ढकलले जाते. टर्झागी यांचा १९२५ चा सिद्धांत अल्प विकृती मानतो. गाळाची जाडी लक्षणीय घटते तेथे तो तोकडा पडतो. गिब्सन, इंग्लंड व हसी यांनी १९६७ मध्येच ही मर्यादा ओलांडली. तरीही सोयीपोटी जुने समीकरण वापरणे खेदजनक होय. दबलेल्या गाळाची पार्यता घटते हे मान्य. पण तोवर बाहेर पडलेले पाणी वाळूत पोचलेले असते. न्यूयॉर्क राज्यातील ओनोन्डागा सरोवरात २०१६ पर्यंत घातलेल्या आच्छादनात सक्रियित कोळसा मिसळावा लागला, कारण क्लोरोबेंझिनसारखी रसायने नुसती वाळू फारशी धरून ठेवत नाही.