हरवलेलं उडतं जहाज

‘फायनल फँटसी’ या व्हिडिओ गेम मालिकेच्या सहाव्या भागात, १९९४ साली, स्क्वेअर कंपनीच्या मंडळींनी एक अचाट धाडस केलं. गोष्ट अर्ध्यावर असतानाच खलनायक केफ्का जिंकतो आणि जग मोडून टाकतो. वर्षभराने नायकांपैकी एक असलेली सेलिस एका ओसाड बेटावर जागी होते. सोबतीला एकटा म्हातारा सिड, तोही आजारी. त्याच्यासाठी किनाऱ्यावर मासे धरायचे. चपळ मासा चांगला, संथ मासा वाईट, हे आधी कुणी सांगत नाही. वाईट मासे भरवत राहिलात तर सिड मरतो आणि गोष्ट ते दुःख घेऊन पुढे जाते. मग उडतं जहाज हाती येतं आणि सारा नकाशा मोकळा होतो. विखुरलेले सोबती शोधा, नाहीतर तिघांनिशी थेट केफ्काच्या मनोऱ्यावर चालून जा.

या मालिकेचा कस उतरला म्हणणारे बहुतेक जण आळीपाळीने लढण्याची जुनी पद्धत सोडल्याकडे बोट दाखवतात. मला हे निदान पटत नाही. बाराव्या भागात (२००६) सोबती आपोआप लढतात, पण कुणी कधी काय करायचं याचे नियम खेळणारा स्वतः रचतो. नियम चुकले तर फटका बसतो, जमले तर श्रेय आपलं. कस उतरला तो खेळणाऱ्याच्या हातातला निर्णय आक्रसत गेला म्हणून.

त्याची पहिली खूण दहाव्या भागात (२००१) दिसते. जहाज आहे, पण ते चालवता येत नाही. यादीतून गावाचं नाव निवडायचं. तिथे मात्र ते खपून गेलं, कारण ती कथाच एका यात्रेची आहे. नायिका युना ज्या वाटेने चालते तिच्या शेवटी तिचा मृत्यू आहे, त्यामुळे वाट सरळ असण्यातच तिची भीती आहे. तेराव्या भागाने (२००९) ती सरळ वाट उचलली आणि कारण मागेच ठेवलं. एकूण तेरा अध्याय. मोकळं मैदान दिसतं अकराव्यात. तोवर देखण्या बोळांतून पुढे सरकत राहायचं. गावात हिंडून दुकान गाठावं तर दुकानं खेळ जतन करण्याच्या ठिकाणीच जोडलेली. लढाईत आज्ञा एकालाच देता येते, आणि तीही बहुतेक वेळा एका बटणावर भागते.

यामागे चित्राची किंमत आहे. चार ठोकळ्यांचं गाव सूचकतेवर उभं राहतं, उरलेलं आपण मनात बांधतो. प्रत्येक भिंतीचा पोत दाखवायचा ठरला की एकेका गावाला प्रचंड श्रम लागतात, आणि इतक्या श्रमाने केलेलं काही खेळणाऱ्याच्या नजरेतून सुटावं हे कुठल्या निर्मात्याला परवडेल? सहाव्या भागात मात्र सुटू देण्यातच श्रीमंती होती.

पंधराव्याची कथा अधिक क्लेशाची. २००६ साली वेगळ्या नावाने जाहीर झालेला हा खेळ मध्येच दिग्दर्शक बदलून २०१६ साली आला. नायकाचं राज्य बुडतं ती घटना नीट पाहायची तर वेगळा चित्रपट. सोबत्यांच्या कहाण्या नंतर सुट्या विकल्या. २०१८ साली अशा आणखी तीन नियोजित कहाण्या रद्द झाल्या आणि त्यांचा ऐवज कादंबरीत गेला. चार मित्रांचा मोटारप्रवास, रात्रीची शेकोटी, त्यांच्यातल्या इग्निसचा स्वयंपाक हे इतकं जिवंत आहे, की भोवतीची पडझड पाहताना जीव तुटतो.

निर्मात्यांच्या या घराला दुरुस्ती जमत नाही असं नाही. २०१० साली फसलेला चौदावा भाग नाओकी योशिदांच्या हाताखाली नव्याने बांधला गेला आणि २०१३ साली उभा राहिला. त्यांच्याच निर्मितीतला सोळावा (२०२३) तरी निराश करतो. महाकाय प्राण्यांच्या लढाया अफाट आहेत, पण सूत्रं फक्त नायक क्लाइव्हची. माणसं सोबत येतात तरी आज्ञा देता येते ती टॉर्गल या कुत्र्याला. सातव्याच्या पुनर्निर्मितीचा दुसरा भाग (२०२४) मला आशा देतो. तिथे मैदानं विस्तीर्ण आहेत, सोबत्यांना आज्ञा देऊन लढता येतं. फक्त मनोरे सुरू केले की नकाशावर आसपासच्या जागांच्या खुणा उमटतात आणि चॅडली नावाचं पात्र पुढचं काम सांगतं. टेकडीपलीकडे काय आहे, हे तिथे पोचायच्या आधीच कळलेलं असतं.